चिलेटेड मॅग्नेशियम, 'चिलेटेड क्रिएटिन' आणि सकाळचा चहा: नक्की कशाने फरक पडतो?

गोरेगाव_लोकल

नमस्कार मंडळी. सप्लिमेंटच्या दुकानात गेलं की हल्ली प्रत्येक डब्यावर 'चिलेटेड' लिहिलेलं दिसतं. आधी मॅग्नेशियम, झिंक, आयर्न यांच्यापुरतं होतं, आता 'मॅग्नेशियम क्रिएटिन चिलेट' पण आलंय. (क्रिएटिन म्हणजे जिमवाले स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती पूड.) भाव साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटच्या तिप्पट. दुकानदाराचं म्हणणं, साधं क्रिएटिन पाण्यात विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी बसतं, म्हणजे तेवढं वायाच जातं. चिलेटेड पूर्ण शोषलं जातं.

घरात सध्या जे चालू आहे ते असं. क्रिएटिन मोनोहायड्रेट ५ ग्रॅम, जिमनंतर. रात्री मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटच्या दोन कॅप्सूल. डब्यावर 'दोन कॅप्सूलमध्ये मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ., एलिमेंटल मॅग्नेशियम (म्हणजे त्यातलं निव्वळ मॅग्नेशियम) २०० मि.ग्रॅ.' असं छापलंय. झिंकची ५० मि.ग्रॅ. ची गोळी, तीही रात्रीच. मिसेसचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) कमी आलं म्हणून डॉक्टरांनी फेरस बिसग्लायसिनेट (६० मि.ग्रॅ. आयर्न) रोज एक दिलंय. ती सकाळी चहाबरोबर घेतली जाते, कारण लगेच लोकल गाठायची असते. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. वजन माझं ७४.

प्रश्न:

१. क्रिएटिनला चिलेशनने खरंच फायदा होतो का?
२. माझं मॅग्नेशियम खरं चिलेटेड आहे हे घरी ओळखता येतं का?
३. एका व्हिडिओत दाखवलं होतं की गरम पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साइड, सायट्रिक अॅसिड आणि क्रिएटिन एकत्र ढवळलं की 'घरगुती चिलेट' तयार होतं. हे जमतं का?
४. वेळांचं गणित चुकतंय का?

द्राक्षबाग

आधी शब्द साफ करून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. चिलेट म्हणजे धातूच्या अणूला एकाच रेणूने दोन किंवा जास्त जागी धरून केलेलं कडं. ग्रीकमध्ये खेकड्याच्या नांगीला जो शब्द आहे त्यावरून १९२० मध्ये हे नाव पडलं. बिसग्लायसिनेटमध्ये ग्लायसिनचे दोन रेणू एका धातूला दोन बाजूंनी चिमटा लावतात. दोन नांग्या, मध्ये मॅग्नेशियम.

आता हा शब्द आपल्याकडे जिमच्या कितीतरी आधी कृषी सेवा केंद्रात पोचलाय. चिलेटेड झिंक १२ टक्के, चिलेटेड फेरस १२ टक्के, नाशिककडे द्राक्षाच्या बागेत सर्रास मारतात. तिथला अनुभव इथे कामाचा आहे. चुनखडीच्या, जास्त पीएचच्या (म्हणजे अल्कधर्मी; कमी पीएच म्हणजे आम्ल) जमिनीत ईडीटीए या नांगीचं फेरस टाकलं तर पीएच साडेसहाच्या वर गेल्यावर नांगी सुटते, लोह जमिनीत बसून जातं आणि पानं पिवळीच राहतात. तिथे ईडीडीएचए ही दुसरी नांगी लागते, ते जास्त पीएचलाही धरून ठेवतं. म्हणजे 'चिलेटेड आहे का' हा अर्धाच प्रश्न झाला. कोणती नांगी, आणि ती कोणत्या पीएचला टिकते, हे विचारलं पाहिजे.

पोटात हेच उलट दिशेने होतं. जेवणाआधी जठरातला पीएच दीड-दोनच्या आसपास असतो. ग्लायसिन धातूला धरतं ते त्याच्या अमाइन टोकाने, आणि त्या टोकाचा पीकेए (ज्या पीएचच्या खाली ते हायड्रोजन धरून ठेवतं तो आकडा) सुमारे ९.६ आहे. एवढ्या आम्लात ते टोक हायड्रोजन पकडून बसतं आणि धातू सोडून देतं. मॅग्नेशियमची ग्लायसिनशी पकड मुळातच ढिली, त्यामुळे मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट जठरात जवळपास सगळंच सुटतं. 'अखंड चिलेट आतड्याच्या भिंतीतून प्रोटीनच्या वाटेने आत शिरतं' हे जाहिरातीतलं चित्र मॅग्नेशियमच्या बाबतीत तरी विसरा.

मग बिसग्लायसिनेट का घ्यायचं? ते पाण्यात विरघळतं, आणि पोट कमी बिघडवतं. ऑक्साइड जवळजवळ विरघळत नाही. त्याला विरघळायला जठरातलं अॅसिड लागतं. अॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना तेच कमी पडतं. न विरघळलेलं ऑक्साइड मोठ्या आतड्यात पोचून पाणी ओढतं, आणि मग सकाळी धावाधाव.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. फायटेट (धान्या-डाळींतला खनिजं धरून ठेवणारा पदार्थ) असलेल्या जेवणाबरोबर फेरस बिसग्लायसिनेट हे फेरस सल्फेटपेक्षा चांगलं शोषलं जातं, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय. आणि ते शरीराच्या नियंत्रणाबाहेर जात नाही: फेरिटिन जितकं जास्त तितकं शोषण कमी.

झिंकचं काय? सिट्रेट आणि ग्लुकोनेटमधलं सुमारे ६१ टक्के शोषलं गेलं, ऑक्साइडमधलं सुमारे ५०, हा निरोगी तरुणांवरचा २०१४ चा अभ्यास. फरक आहे, पण तिप्पट पैसे मोजण्याइतका नाही.

आणि एक. चिलेशन म्हणजे चांगलंच असं नाही. धान्या-डाळींतलं फायटेट सहा फॉस्फेटांनी धातूला असं आवळतं की ते शौचावाटे बाहेर. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं. चहातलं टॅनिन लोहाला. हे सगळे 'चिलेट'च आहेत, फक्त आपल्याला नको असलेले.

फार्मसी_काउंटर

वरच्या यादीत भर. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकंही नांगीवालीच आहेत. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक बरोबर घेतलं तर औषध आणि खनिज दोन्ही एकमेकांना धरून वाया जातात. आजाराचा कोर्स चालू असेल तोवर सप्लिमेंट बंद ठेवलेलं सगळ्यात सोपं. नाहीतर अँटिबायोटिक खनिजाच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. थायरॉइडची गोळी असेल तर लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. हे काउंटरवर कोणी सांगत नाही, कारण पट्टी कापून देण्यातच वेळ जातो.

कोरडा_चमचा

क्रिएटिनबद्दल लिहितो. दुकानदाराचं वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे.

विरघळणं: मोनोहायड्रेट २० अंशाला लिटरमागे सुमारे १४ ग्रॅम विरघळतं, ५० अंशाला सुमारे ३४, फ्रिजमधल्या ४ अंशाला फक्त ६. म्हणजे ५ ग्रॅमला साध्या पाण्याचा साडेतीनशे मिली ग्लास लागतो. दोनशे मिली गार पाण्यात टाकलं तर अर्ध्याहून जास्त तळाला बसणारच. तो क्रिएटिनचा दोष नव्हे, पाणी कमी आणि गार आहे. कोमट पाणी घ्या. आणि तळाला राहिलेले कण पाणी घालून हलवून पिऊन टाका, पोटात त्यांना विरघळायला पुरेसं पाणी आणि वेळ मिळतो.

शोषण: मोनोहायड्रेट तोंडाने घेतलं तर जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. अडचण आतड्यात नाहीच. रक्तातून स्नायूत शिरायला सोडियम-क्लोराइडवर चालणारा एक वाहक आहे, आणि स्नायू भरले की तो हात आखडता घेतो. उरलेलं लघवीतून जातं. म्हणून चिलेशनने जे दार रुंद करायचंय ते आधीच सताड उघडं आहे. बंद आहे ते पुढचं दार, आणि त्याला नांगीचा उपयोग नाही.

त्या पुढच्या दाराला उपयोग होतो तो इन्शुलिनचा. १९९६ च्या प्रयोगात ५ ग्रॅम क्रिएटिनमागे ९३ ग्रॅम साखर दिली तेव्हा स्नायूतला साठा जास्त भरला. दिवसातून चार वेळा ९३ ग्रॅम साखर! तसलं काही करू नका, जेवणाबरोबर किंवा पोहे-उपम्याच्या नाश्त्याबरोबर घ्या, पुरे. रोज ३ ग्रॅमने सुमारे चार आठवड्यांत स्नायू तितकेच भरतात, जितके रोज २० ग्रॅमच्या लोडिंगने (सुरुवातीच्या मोठ्या डोसने) सहा दिवसांत. शाकाहारी माणसाचा साठा मुळात कमी असतो, म्हणून परिणामही जास्त जाणवतो.

आता 'मॅग्नेशियम क्रिएटिन चिलेट'. दोन क्रिएटिन, एक मॅग्नेशियम असं सूत्र धरलं तर वजनात सुमारे साडेआठ टक्के मॅग्नेशियम येतं. ५ ग्रॅम घेतलंत तर ४२० मि.ग्रॅ. च्या वर मॅग्नेशियम पोटात गेलं. सप्लिमेंटमधून दिवसाला ३५० च्या वर जाऊ नये ही अमेरिकन मर्यादा यासाठीच आहे: जुलाब. वर रात्रीच्या कॅप्सूलचे २०० वेगळेच. शिवाय ही जोडी बांधायला अल्कली लागते, कारण क्रिएटिनचं ग्वानिडिन टोक खूप जास्त पीएचलाच हायड्रोजन सोडतं. जठरातल्या आम्लात ती सुटते, आणि हातात राहतं साधं क्रिएटिन आणि मॅग्नेशियमचं क्लोराइड. यावर जे मोजके अभ्यास झालेत त्यांत मोनोहायड्रेटवर ठाम सरशी दिसलेली नाही. 'बफर्ड' (अल्कली मिसळलेल्या) क्रिएटिनचं २०१२ मध्ये तेच निघालं. क्रिएटिन इथाइल एस्टरची गत तर आणखी वाईट. त्यातलं बरंचसं क्रिएटिनिन, म्हणजे निरुपयोगी टाकाऊ पदार्थ, होऊन जातं.

वाचलेले पैसे शुद्धतेवर घाला. क्रिएटिन सोडियम सार्कोसिनेट आणि सायनामाइडपासून बनतं. प्रक्रिया आखडली की डायसायनडायमाइड, डायहायड्रोट्रायझिन आणि क्रिएटिनिन उरतं. बॅचच्या एचपीएलसी (प्रयोगशाळेतल्या शुद्धता चाचणीच्या) अहवालात या तिघांचे आकडे असले पाहिजेत. नुसतं 'शुद्धता ९९.९ टक्के' म्हणणाऱ्या कागदाला अर्थ नाही. डब्यावरचा बॅच नंबर आणि अहवालावरचा एकच आहे ना, तेवढं बघा. पुष्कळदा नसतो.

गोरेगाव_लोकल

धन्यवाद, पहिला प्रश्न निकालात. तिसऱ्याचं काय? आणि माझ्या डब्यावरचे आकडे बरोबर आहेत का?

द्राक्षबाग

डब्यावरचे आकडे आधी, कारण तिथेच मजा आहे.

शुद्ध मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटचा रेणुभार १७२.४, त्यात मॅग्नेशियम २४.३. म्हणजे १४.१ टक्के, याच्या वर जाणं शक्यच नाही. बाजारातला माल ओलावा वगैरे धरून १० ते १४ मध्ये असतो. तुमच्या डब्यावर १००० मधून २००, म्हणजे २० टक्के. हे बिसग्लायसिनेट एकटं देऊ शकत नाही. ऑक्साइड मिसळलंय, ऑक्साइडमध्ये ६०.३ टक्के मॅग्नेशियम असतं, थोडं टाकलं की आकडा फुगतो. गणित मांडा: ८७२ मि.ग्रॅ. बिसग्लायसिनेटमधून १२३, आणि १२८ मि.ग्रॅ. ऑक्साइडमधून ७७. बेरीज २००. म्हणजे तुमच्या मॅग्नेशियमचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग साधं ऑक्साइड आहे. बारीक अक्षरात 'बफर्ड' (इथे अर्थ ऑक्साइड मिसळलेलं) लिहिलेलं सापडेल. त्यात फसवणूकच असते असं नाही, कॅप्सूलचा आकार आवरायला हे करतात. पण शुद्ध चिलेटचा भाव लावला असेल तर राग यायला हरकत नाही.

हीच ताळेबंदाची युक्ती बाकीच्यांना लावा. एलिमेंटल टक्के: मॅग्नेशियम सिट्रेट १६, झिंक ग्लुकोनेट १४, झिंक ऑक्साइड ८०, कॅल्शियम कार्बोनेट ४०, कॅल्शियम सिट्रेट २१, फेरस फ्युमरेट ३३, फेरस बिसग्लायसिनेट कागदावर २७ आणि प्रत्यक्ष मालात २० च्या आसपास. लेबलवर नुसता संयुगाचा आकडा असून एलिमेंटल दिलेला नसेल तर डबा परत ठेवा.

घरची चाचणी हवी असेल तर ही करून बघा. एक कॅप्सूल उघडून १०० मिली कोमट पाण्यात पूड टाका, पाच मिनिटं ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाशी पांढरा थर राहिला तर त्यात दीड ग्रॅम सायट्रिक अॅसिड टाकून पुन्हा ढवळा. थर बुडबुडे न येता हळूहळू विरला तर ऑक्साइड. फसफसलं तर कार्बोनेट. अजिबात हललं नाही तर सेल्युलोज किंवा सिलिका, म्हणजे कॅप्सूल भरायला लागणारा निरुपद्रवी माल. वर तरंगणारा तेलकट पापुद्रा मॅग्नेशियम स्टिअरेटचा. अर्ध्या लिंबावर भागवू नका; बिसग्लायसिनेट स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे ते बरंचसं आम्ल आधी पिऊन टाकतं, आणि तुम्हाला वाटतं की थर विरघळत नाही. चिमूटभर हळद टाकली की पाणी लालसर होतं आणि लोक 'शुद्ध आहे' म्हणतात. ऑक्साइडनेही तसंच लाल होतं, त्या रंगावर जाऊ नका.

कोरडा_चमचा

घरगुती चिलेटवर.

त्या व्हिडिओतल्या तीन गोष्टींपैकी दोन जमतात, तिसरी वाया जाते. ऑक्साइड आणि सायट्रिक अॅसिड मिळून मॅग्नेशियम सिट्रेट होतं, हे खरं. पण त्याच भांड्यात क्रिएटिन टाकलं तर ते मॅग्नेशियमला धरत नाही. आम्लात त्याचं नायट्रोजनचं टोक अडकलेलं असतं. उलट गरम आणि आंबट पाण्यात ते गुपचूप क्रिएटिनिन व्हायला लागतं. २५ अंशाला तीन दिवसांत पीएच ५.५ ला सुमारे ४ टक्के, ४.५ ला १२, आणि ३.५ ला २१ टक्के. आपल्याकडे खोलीच ३०-३२ अंश असते, तिथे वेग आणखी. (जठरात याहून तीव्र आम्ल असूनही तिथे का नासत नाही? कारण पीएच अडीचच्या खाली क्रिएटिन पूर्ण प्रोटॉन घेऊन बसतं आणि वळून कडं करूच शकत नाही.) म्हणून लिंबू सरबतात मिसळून लगेच प्यायलात तर काही बिघडत नाही, रविवारी बाटलीभर करून बुधवारपर्यंत पुरवायची कल्पना सोडा.

सिट्रेट करायचंच असेल तर १५० मि.ग्रॅ. मॅग्नेशियमसाठी:

मॅग्नेशियम ऑक्साइड, लाइट (हलकी, फुगीर पूड), आय.पी. (औषधी दर्जा) किंवा खाद्य दर्जाचं, ०.२५ ग्रॅम. सायट्रिक अॅसिड निर्जल १.२ ग्रॅम, मोनोहायड्रेट असेल तर १.३. पाणी १५० मिली, हाताला चांगलं गरम लागेल इतकं. आधी अॅसिड विरघळवा, मग ऑक्साइड थोडं थोडं. दहा ते वीस मिनिटांत पाणी नितळ झालं पाहिजे. गाळ राहिला तर तो प्यायच्या आधी आणखी ढवळा, नाहीतर मापच चुकलं.

जिथे घोटाळा होतो त्या जागा: चमच्याने मोजणं. लाइट आणि हेवी ऑक्साइड तेवढ्याच वजनाला जवळपास पाचपट फरकाची जागा घेतात. एकाचं मापलेलं चमचाभर प्रमाण दुसऱ्याला लावलं की थेट जुलाब. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा घ्या. हेवी ऑक्साइड विरघळायला तासभरही लागतो. सूत्राप्रमाणे तीन मॅग्नेशियमला दोन सिट्रेट असं प्रमाण घेतलं तर ०.२५ ग्रॅमला ०.८ ग्रॅम अॅसिड पुरतं, चवही कमी आंबट लागते. पण थोड्या पाण्यात जास्त करून ठेवलं तर सिट्रेटचे स्फटिक तळाला कडक बसतात. म्हणून वर थोडं जास्त अॅसिड लिहिलंय. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दातांसाठी.

प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा मस्जिद बंदरला रसायनांच्या दुकानात दोन्ही मिळतात, पण 'एल.आर.' लिहिलेली बाटली प्रयोगशाळेची असते, खायची नाही. शेतीचं चिलेटेड झिंक-फेरस तर लांबच ठेवा.

काटा-बिटा नको असेल तर औषधाच्या दुकानातलं मिल्क ऑफ मॅग्नेशिया: ५ मिलीत ४०० मि.ग्रॅ. हायड्रॉक्साइड लिहिलं असेल तर त्यात १६७ मि.ग्रॅ. मॅग्नेशियम. त्यात १.३ ग्रॅम निर्जल सायट्रिक अॅसिड आणि पाणी, दोन मिनिटांत नितळ. लिक्विड पॅराफिन मिसळलेली बाटली मात्र उचलू नका, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात.

आणि हे केलेलं सिट्रेट बिसग्लायसिनेटपेक्षा पोट जास्त मोकळं करतं. किडनीचा त्रास असलेल्या माणसाने यातलं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही; मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचंच आहे.

मोडाची_मटकी

चौथा प्रश्न राहिलाय, आणि माझ्या मते या घरात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय.

चहाबरोबर आयर्न. चहा लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त पाडू शकतो, आणि आपल्या चहात वर दूध, म्हणजे कॅल्शियमही. बिसग्लायसिनेटला टॅनिनचा फटका थोडा कमी बसतो एवढंच, सुटका नाही. महागातलं चिलेट घेऊन ते कटिंगबरोबर गिळणं म्हणजे छत्री उघडून नळाखाली उभं राहणं. गोळी उठल्या-उठल्या साध्या पाण्याबरोबर, वर अर्ध्या लिंबाचं पाणी किंवा एक आवळा, आणि चहा तासाभराने. घरी तासाभराची फट मिळत नसेल तर चहा ऑफिसला पोचल्यावर. तेही जमणारं नसेल तर गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, पण मग मॅग्नेशियम-झिंक त्या वेळेला नको.

डॉक्टरांना एक जरूर विचारा: एक दिवसाआड चालेल का? ६० मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त लोह घेतलं की हेप्सिडिन (लोहाचं शोषण आवरणारं शरीरातलं हार्मोन) वाढतं आणि ते सुमारे २४ तास आतड्याचं दार अर्धवट बंद ठेवतं. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर २०१७ मध्ये हे तपासलं, तेव्हा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त शोषलं गेलं. पोटाचा त्रासही कमी. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर डॉक्टर रोजच देतील, तो निर्णय त्यांचा. आणि तुम्ही स्वतः 'थोडं मीही घेतो' म्हणून घेऊ नका. पुरुषाने फेरिटिन न तपासता लोह घ्यायचं नाही.

झिंक ५० मि.ग्रॅ. म्हणजे काय, ते आधी बघा. ग्लुकोनेट ५० असेल तर आत जेमतेम ७ मि.ग्रॅ. झिंक. एलिमेंटल ५० असेल तर रोजची वरची मर्यादा ४० आहे, ती ओलांडली. महिनोन्महिने असं चाललं की आतड्याच्या पेशी तांबं अडकवून ठेवतात आणि तांब्याची कमतरता होते. भारतीय शिफारस पुरुषाला दिवसाला १७ मि.ग्रॅ., तीही जेवणासकट. दहा-पंधराची गोळी जेवणानंतर पुरे. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ ठरलेली.

आता खरा खर्च वाचवणारा भाग स्वयंपाकघरात आहे. फायटेट आणि झिंकचं मोल प्रमाण (वजनाचं नव्हे, कणांच्या संख्येचं) १५ च्या वर गेलं की शोषण पडतं, आणि चपाती-डाळीच्या ताटात ते सहज जातं. मटकी, मूग रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मग चांगले अर्धा-एक इंच मोड येऊ द्या. दाण्यातलं फायटेज हे एन्झाइम जागं होतं आणि फायटेट मोडायला लागतं. आंबोळी, इडली-डोशाचं पीठ आंबवल्यानेही तेच. मुंबईच्या उकाड्यात आठ-दहा तास पुरतात. डाळीवर लिंबू ताटात पिळा, शिजताना नको, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. गव्हाचा कोंडा वेगळा खायची फॅशन आहे, ते कॅप्सूलच्या वेळेला तरी टाळा.

मॅग्नेशियम एकदम २०० घेण्यापेक्षा १००-१०० दोनदा घेतलं तर टक्क्याने जास्त शोषलं जातं, कारण डोस वाढला की शोषणाचं प्रमाण घटत जातं. एक कॅप्सूल दुपारी जेवताना, एक रात्री.

फार्मसी_काउंटर

कॅप्सूलच्या पूडवरून आठवलं. जून ते सप्टेंबर बिसग्लायसिनेट आणि सिट्रेटची पूड उघड्या डब्यात दगड होते, क्रिएटिन हायड्रोक्लोराइडही चिकटतं. मोनोहायड्रेट त्या मानाने गुणी, गुठळी झाली तर फोडून घ्या, खराब झालेलं नसतं. ओला चमचा मात्र कशातच नको. ओलाव्यात आठवडे पडून राहिलं तर थोडं क्रिएटिनिन होतं. सिलिका जेलची पुडी फेकू नका, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की आतल्या भिंतीला घाम येतो. लेबलवर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ असायलाच हवी.

गोरेगाव_लोकल

आयर्न आणि चहा उद्यापासून वेगळे. झिंकची पट्टी बघितली, 'झिंक ग्लुकोनेट ५० मि.ग्रॅ.' निघालं, म्हणजे सातच! एक शेवटचं: पुढच्या महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी आहे. क्रिएटिनमुळे क्रिएटिनिन जास्त येतं म्हणतात, दोन दिवस आधी बंद करू का?

कोरडा_चमचा

दोन दिवसांनी काही होत नाही, स्नायूतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. क्रिएटिनिन थोडं वर येऊ शकतं आणि मशीन त्यावरून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) कमी छापतं. ते मशीनला तुमचं क्रिएटिन ठाऊक नसल्यामुळे. बंद न करता चाललं तरी हरकत नाही, पण तपासणीच्या आधीचे दोन दिवस जड व्यायाम टाळा, आणि फॉर्मवर 'चालू औषधे' या रकान्यात 'क्रिएटिन ५ ग्रॅम रोज' असं स्पष्ट लिहा. आकडा तरीही खटकला तर सिस्टॅटिन सी ची (किडनीचीच दुसरी रक्त) चाचणी सांगा, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.